पुसला तरी राहील असा फोटो

लातुरात फोटो छापणाऱ्यांचा काही दुष्काळ नाही. निकाल लागला की क्लासवाले गुणवंत पोरांचे चेहरे चौकाचौकात टांगतात आणि उन्हापावसात ते बघता बघता विटतात. कुणाला त्याचं सोयरसुतक नसतं, पुढच्या साली नवे चेहरे येतातच. शिवमूर्ती सर अशाच एका क्लासात फिजिक्स शिकवायचे. पण त्यांना हवा होता तो चेहरा एकच, आणि तो विटून चालणार नव्हतं.

पारू त्यांची धाकटी बहीण. किल्लारीच्या भूकंपात शाळकरी वयात गेली, घरातले फोटोही घरासोबत गेले. कैक वर्षांनी नांदेडच्या मावशीच्या ट्रंकेत शाळेचा ग्रुप फोटो सापडला. त्यात पारूचा चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. सरांनी घाईघाईनं तो कुठूनसा मोठा करून आणला, चकचकीत, काचेच्या फ्रेमीत. आईनं, साखराबाईनं, आधी काच काढायला लावली. काचेवर विभूती लावली तर ती काचेला लागते, लेकराला कुठं लागते, असं तिचं म्हणणं. मग ओल्या बोटानं तिनं पारूच्या कपाळावर रेघ ओढली, आणि बोटासोबत कपाळ, डोळे, सगळंच फरफटत गेलं.

त्या दिवसापासून साखराबाईनं उजवा हात पदराखाली घेतला. मातीतून काढता आली न्हाई, आन् आता माझ्याच हातानं पुसली, एवढंच म्हणायची. नवा आणतो म्हटलं तर मान फिरवायची. जेवण तुटलं. पोरांना अवघड गणितं सोडवून देणारे सर आईपुढं पार हतबल झाले.

कुणीतरी गंजगोलाईच्या बाजारामागं फोटो छापणाऱ्या उज्ज्वलाताईंचं नाव सांगितलं. बाई मोठी खट! फोटो केवढा हवा हे तिनं विचारलंच नाही. आई फोटोचं काय करते, ते आधी विचारलं. सरांनी सगळं सांगितलं आणि वर प्लास्टिक चढवायचं सुचवलं.

"मग तुमच्या आईनं प्लास्टिकला लेक म्हणायचं का?" ताई म्हणाल्या.

पहिल्या फोटोची शाई पाण्यात विरघळणारी होती, ती वाहणारच, हे त्यांनी सरांना समजावलं. ताई आपल्या मशीनमध्ये पिग्मेंटची शाई वापरत. तिचे बारीक कण कागदावर बसतात, पाण्याला दाद देत नाहीत. आधी त्यांनी आपला लाडका सुती कागद काढला, जाड, मऊ, जराही चमक नसलेला. त्यावर ग्रुप फोटोतली पारू अशी उतरली की सरांनी खिशातून पाकीटच काढलं. आता हाच द्या, असं ते म्हणणार तोच ताईंनी ओलं फडकं घेऊन फोटो खसाखसा घासला. शाई वाहिली नाही, पण केसांचा काळा रंग फडक्याला लागला. ताईंनी तो फोटो सरळ फाडला.

मग दुसरा कागद आला, बारीक दाण्याचा, रेशमासारखी मंद चमक असलेला. त्याला काळी शाईसुद्धा वेगळी लागते. दाण्यात जुन्या फोटोचा खरखरीतपणा लपला खरा, पण पारू पहिल्याइतकी देखणी दिसेना. ताईंनी तो रात्रभर वाळवला, वर पारदर्शक थर फवारला. तोही वाळल्यावर विभूती, पाणी, पदर, सगळ्यानं फोटो घासून बघितला आणि मगच पसंत केला. हातच्या सगळ्यात देखण्या कामावर एका म्हातारीच्या बोटासाठी असं पाणी सोडणारं माणूस सरांनी आजवर पाहिलं नव्हतं. पोरांना आपण नुसतं पहिलं यायला शिकवतो, असं त्यांच्या मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुकान बंद करून ताई स्वतः त्यांच्या घरी आल्या. साखराबाई फोटोकडं बघेना. ताई तिच्याजवळ बसल्या, पारूच्या कपाळाला ओली विभूती लावली आणि तिच्यादेखत पुसली.

"मावशी, लई घासून बघितलं मी. ती हालत न्हाई."

साखराबाईनं हळूच फोटोकडं बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग पदराखालचा हात बाहेर आला. तिनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि पारूच्या ओठाचा कोपरा पुसला, शाळेला निघालेल्या लेकराचा पुसावा तसा. पुन्हा एकदा पुसला. पारू तशीच बघत होती.

"तोंड पुसून जा म्हणलं तर कधी ऐकायची न्हाई," साखराबाई म्हणाली, आणि विभूतीची वडी जवळ ओढली.