अपेक्षाच्या पायाखालचा वजनकाटा

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मित्रांनो, मला माणसांचे पाय आवडत नाहीत. कारखान्यात माझ्या पोटात एक स्प्रिंग बसवली. वरून दाब पडला की आकडा दाखवायचा, एवढंच मला येतं.

वारज्याच्या द्वारकाबाईंनी मला आणलं ते बॅगांसाठी. मुलगा अभिनव हिंजवडीच्या कंपनीतर्फे अमेरिकेला निघाला होता. चिवडा, मेतकूट, भाजणी भरलेल्या बॅगा मी तोलल्या आणि विमानतळावर एकही पुडा बाहेर काढावा लागला नाही. घरभर माझं कौतुक झालं. ते दिवस बरे होते.

मग धाकट्या लेकीचं, अपेक्षाचं लग्न ठरलं. साखरपुड्यात नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "मुलगी छान आहे, फोटोत फक्त जागा जरा जास्त घेते." त्या बाईला माझ्यावर उभं करायला मला फार आवडलं असतं. अपेक्षाने लग्नाचा ब्लाउज मुद्दाम आवळून शिवायला टाकला. म्हणाली, "तोवर उतरेन ना मी."

त्यात केळवणं सुरू झाली. नातेवाईक जेवायला बोलावणार, श्रीखंड-पुरीचा आग्रह करणार, नाही म्हटलं तर रुसणार. ती तिथे मुकाट जेवायची आणि नंतर काकडी-लिंबूपाण्यावर दिवस काढायची. सारखी माझ्यावर चढायची. आकडा वाढला की मला शिव्या, उतरला की शाबासकी. मला दोन्हींचा संताप यायचा. अंगातलं पाणी उतरतंय की ताकद, हे मला कुठून कळणार? आणि ही शिकलेली मुलगी मलाच डॉक्टर समजत होती.

घरच्या केळवणाच्या सकाळी आकडा तिला हवा तिथे आला. ती हसली आणि तिथेच कोसळली. द्वारकाबाईंनी धावत येऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडताच पोरगी म्हणाली, "आई, आता ब्लाउज बसेल."

डॉक्टरांनी सलाईन लावलं. "रोज वेळेवर जेवा, टेकडीवर फिरायला जा. उतरायचं ते सावकाश उतरेल," म्हणाले. घरी येताच द्वारकाबाईंनी ब्लेडने ब्लाउजची शिवण उसवली आणि शिंप्याने आत ठेवलेलं जास्तीचं कापड मोकळं केलं. "अंगाच्या मापाने कपडा शिवतात," त्या म्हणाल्या, "कपड्याच्या मापाने अंग नाही."

आता मी बाल्कनीत कुंडीखाली गंजतो आहे आणि माझी तक्रार नाही. मित्रांनो, माझ्यावर चढायचंच तर अधूनमधून चढा, पण पोट मारून येऊ नका. त्या सकाळी मी दाखवलेला आकडा अगदी बरोबर होता. तो पाहून हसणारी मुलगी आता पडणार आहे, हे मात्र मला दाखवता आलं नाही.