मधल्या खणातली टोपी

चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासून चष्मे दिलेले चष्मेवाले पलंगाच्या कडेला बसून दोन लोकरीच्या टोप्यांकडे आळीपाळीने बघत होते, आणि यातली बायकोने विणलेली कुठली, हे काही केल्या त्यांना आठवत नव्हतं. टोप्या माणसांच्या नव्हेत. गोल्फच्या काठीचं जाड डोकं असतं ना, त्यावर चढवायच्या. एक करडी, तांबड्या पट्ट्यांची. दुसरी हिरवी, शेंड्याला गोंडा.

छंद म्हणा, खूळ म्हणा, चष्मेवाल्यांना गोल्फच्या हाताने केलेल्या वस्तू जमवायचा नाद होता. खेळात म्हणाल तर बोंबच. चेंडू तळ्यात जायचा तो जायचाच. पण जमवण्यात हात धरणारं कुणी नव्हतं. नियम एकच, विकतचं काही घ्यायचं नाही. कुणीतरी कुणासाठी तरी स्वतः केलेलं हवं. चेंडू ठेवायच्या लाकडी खुंट्या होत्या, एका सुताराने लेकीच्या मोडक्या पाळण्यातून तासलेल्या. चेंडू उचलला की त्या जागी ठेवायची चकती होती, एका दंतवैद्याने वडिलांच्या पट्ट्याच्या बकलातून ठोकून काढलेली. प्रत्येक वस्तूत चिठ्ठी खोचलेली असे. कुणी केली, कुणासाठी, का.

त्या चिठ्ठ्यांनीच घात केला. लोकरीला कसर लागली म्हणून चष्मेवाल्यांनी टोप्या उन्हात टाकल्या आणि चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. वर पंखा चालू. पुढचं सांगायला नको. चौतीस टोप्यांच्या चिठ्ठ्या आठवणीने परत लावल्या, शेवटी या दोन उरल्या. चिठ्ठ्याही दोन. एकीवर 'वकिलांकडून, बदल्यात', दुसरीवर 'बायकोने केली, माझ्या खेळाच्या पहिल्या वर्षी'. वकील म्हणजे क्लबातले दोस्त, तेही टोप्या जमवणारे.

एरवी चालून गेलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी, रविवारी, क्लबात या संग्रहाचं प्रदर्शन होतं, आणि क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी फर्मान काढलं होतं, की काचेच्या कपाटातल्या मधल्या खणात वहिनींनी विणलेली टोपी ठेवायची आणि फीतही वहिनींनीच कापायची. चुकीची टोपी ठेवली तर बायको सगळ्यांदेखत फीत कापणार आणि समोर बघणार परक्या बाईचं विणकाम.

सरळ विचारायचं ना? पण नाही. गृहस्थ आडवळणाने निघाले.

"अगं, तुला रंग कुठला आवडायचा गं? म्हणजे पूर्वी, लोकरीत?"

बायको शेंगा निवडत होती. "स्वस्त असेल तो."

"आणि गोंडे बिंडे करायचीस का?"

"अहो, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

झालं. परत खोलीत. मग भिंगाखाली टाके पाहिले. हिरवीचे टाके एकसारखे, करडीचेही एकसारखे. बायको नीटनेटकी, म्हणजे दोन्ही तिच्याच असू शकतात. मग दोन्ही टोप्या घेऊन ते तिच्यापुढे उभे राहिले. आपल्या हातची दिसली की ती काहीतरी बोलेलच, असा हिशेब. "या धुवायच्या होत्या," ते म्हणाले. तिने दोन्ही घेतल्या, बादलीत बुडवल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळली. ताकास तूर लागू दिली नाही.

चष्मेवाल्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला. छत्तीस वर्षांचा संसार, आणि एक टोपी ओळखता येऊ नये? ओल्या टोप्या पिळता पिळता अखेर त्यांनी शरणागती पत्करली.

"यातली तुझी कुठली?"

"एकही नाही," बायको म्हणाली.

"असं कसं? चिठ्ठी आहे."

"चिठ्ठ्या तुम्ही फार नंतर लिहायला लागलात. हिरवी माझ्या बहिणीने दिली होती तुमच्या वाढदिवसाला. करडी वकिलांची. ती घेतलीत ना, तेव्हा बदल्यात माझी दिलीत त्यांना."

बदलाबदलीचा रिवाज चष्मेवाल्यांचा नि वकिलांचा जुना होता. तुझी एक, माझी एक, आणि दिलं ते दिलं.

"तू होतीस तेव्हा?"

"चहा आणून ठेवला की मी. तुम्ही म्हणालात, ही ओबडधोबड घ्या, घरचीच आहे. काय खूश होतात त्या दिवशी."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती बादलीतलं पाणी ओतत होती. रागावलीये की राग कधीच विसरून गेलीये, काही कळायला मार्ग नव्हता. चष्मेवाल्यांना मात्र लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांनी मोठ्या आवाजात जाहीर केलं, की आत्ताच्या आत्ता वकिलांकडे जातो आणि टोपी परत आणतो.

"मीही येते," बायको म्हणाली.

वकिलांच्या बैठकीत भिंतभर फळ्या होत्या आणि त्यांवर चाळीसेक टोप्या. वकिलांनी कारण ऐकलं, चष्मेवाल्यांकडे बघितलं, मग वहिनींकडे बघितलं. चष्मेवाले फळ्यांपुढून चालू लागले. आपल्या बायकोचा हात आपल्याला ओळखता येईलच, दिसल्याबरोबर. पहिली फळी संपली. दुसरी संपली. पांढरी, पिवळी, चौकड्यांची, कानवाली. एकही टोपी ओळख दाखवेना. तिसऱ्या फळीवर एक निळी दिसली, सुबक, साधी. मागून बायको बघत होती. काहीतरी म्हणणं भाग होतं.

"हीच," चष्मेवाले म्हणाले.

"ती मशीनवरची आहे," बायको म्हणाली.

वकील खाकरले. "अहो, वहिनींची इथे कुठे शोधताय? या सगळ्या नुसत्या बघायच्या." ते दाराशी गेले आणि कोपऱ्यातल्या बॅगेतून एक काठी बाहेर काढली. तिच्या डोक्यावर मातकट टोपी होती. एक बाजू लांब, एक आखूड, मध्ये टाके सुटून काळ्या दोऱ्याने शिवलेली. "ही रोज लागते मला. थंडी असो, चिखल असो, घट्ट बसते, घसरत नाही. अकरा वर्षं झाली." त्यांनी टोपी काढून चष्मेवाल्यांच्या हातात ठेवली. "घेऊन जा. बदल्यात काही नको. उद्या ठेवा मधल्या खणात."

चष्मेवाल्यांनी ती उलटून पाहिली, सुलटून पाहिली. आत बोटं घालून पाहिली. त्यांना वाटलं होतं, हातात आली की सगळं आठवेल, तिने कधी विणली, कुठे बसून, देताना काय म्हणाली. काहीही आठवलं नाही. वकिलांच्या घरातली वकिलांची टोपी होती ती. 'हो हो, हीच ती' म्हणून खिशात घातली असती तर उद्याचं प्रदर्शन दणक्यात झालं असतं, आणि वकिलांनाही संशय आला नसता.

"अगं," ते म्हणाले, "मला ही आठवतच नाही."

"माहीत आहे मला," बायको म्हणाली. तिने टोपी त्यांच्या हातातून घेतली, वकिलांच्या काठीवर चढवली आणि खाली ओढून नीट बसवली. "म्हणून तर इतक्या वर्षांत तिच्याबद्दल कधी विचारलं नाही."