दुपारची झोप

फुप्फुसासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, साखर वाढली आणि माझी झोप पार उडाली. मग पोटावर इन्शुलिनचा पंप चिकटवला, काडेपेटीएवढा. दंडावर साखर मोजणारी चकती. साखर फार घसरली की मोबाईल ओरडायचा. पंपाला मी जावई म्हणायचे. लाडही करायचे आणि वर त्याचंच ऐकायचं!

गोळी सकाळी, साखर चढायची दुपारी, म्हणून पंपही दुपारीच जास्त इन्शुलिन सोडायचा. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली, तेव्हा पंपाचं प्रमाणही लगेच कमी करून घ्या, असं बजावलं होतं. आमचे मालक सहादूराव म्हणाले, "आदी जेवून घेऊ, मंग दवाखान्यात फोन लावू."

जेवल्यावर काय सांगू, डोळे आपोआप मिटले. मी प्रवरेत उतरले. पाणी कोमट, कमरेइतकं. पलीकडच्या तीरावर आई कणसं भाजत बसली होती. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली हे ठाऊक होतं, तरी नवल वाटलं नाही. एक टिटवी सारखी ओरडत होती. मग तिचा आवाज कुठंतरी दबला. किती बरं वाटलं!

"ये की गं, किती येळ लावतीस?" आई म्हणाली. मी निघाले. पाणी छातीला लागलं.

एकाएकी तोंडात गोड लागलं.

"चांगुणे, गिळ! गिळ गं!" हे मला टेकवून बसवून साखरेचं पाणी पाजत होते. मी चिडलेच. "झोपू द्या की वो!"

काय झालं ते मला नंतर कळलं. मला कधी नव्हे ती झोप लागली म्हणून या भल्या माणसानं दारातलं कुत्रं हाकललं, दार लोटलं आणि ओरडणारा मोबाईल गोधडीत गुंडाळून ठेवला. मग वारा घालायला बसले, तेव्हा माझं कपाळ हाताला घामानं गार लागलं. तेव्हा कुठं पंप काढला आणि साखरेच्या डब्याकडं धावले.

आता पंपाचं प्रमाण कमी झालंय, झोपही येते. पण डोळा लागला की हे हलवतात, "चांगुणे, झोपलीस का?"

"व्हय, झोपले!" म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. लई राग येतो. तरी उत्तर देते, आणि मोठ्यानं देते. आई अजून पलीकडं बसली असेल, तिलाही ऐकू जायला पाहिजे.