बासष्ट

"हे असले कागद वर पाठवले तर 'निरोगी शाळा' ही पाटी राहिली बाजूला, आपल्या अब्रूची लक्तरं वेशीवर टांगली जातील," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी गठ्ठा टेबलावरून पुढे सरकवला. "तुम्हीच बघा काय करायचं ते. खेळ तुमच्याकडे आहे."

शिट्टीबाईंनी गठ्ठा उचलला. चोवीस वर्षं त्या या शाळेत खेळ शिकवत होत्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलींनी ठेवलेलं हे नाव. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. अलीकडे गुडघा कुरकुरायचा, त्यामुळे त्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसत आणि बसल्या जागेवरून शाळा पळवत.

कागद आरोग्य खात्याचे होते. नववीच्या मुलींनी पाच वाक्यांपैकी स्वतःला लागू पडेल त्यावर खूण करायची होती. पहिलं वाक्य, 'मी व्यायाम करत नाही आणि करायचा विचारही नाही', आणि शेवटचं, 'मी बरेच महिने नियमित व्यायाम करते'. खाली कारणासाठी दोन ओळी. नाव लिहायचं नाही.

खेळाच्या खोलीत गाद्यांच्या चळतीवर बसून बाईंनी वाचायला सुरुवात केली. सेहेचाळीस मुली. तेहेतीस जणींची खूण पहिल्या वाक्यावर. 'वेळ नाही.' 'क्लास असतो.' 'घाम येतो.' 'कंटाळा.'

"आरशासमोर तासभर उभं राहायला बरा वेळ असतो," बाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि पुढचा कागद हातात घेतला.

'मी सातवीत पळायचे. बाईंनी वर्गासमोर वजन वाचलं त्या दिवसापासून मला सगळ्या बासष्ट म्हणतात. पळताना अंग हलतं आणि सगळ्या बघतात. एकदा बाईंनीही मला बासष्ट अशीच हाक मारली.'

बाईंनी कागद खाली ठेवला. परत उचलला.

हाक मारली होती. मुली म्हणतात म्हणून आपणही, लाडाने. त्याआधीचा वजनाचा दिवसही लख्ख आठवला. फळ्यापाशी वजनकाटा, मुलींची रांग आणि आकडे लिहून घेणारी मॉनिटर मागच्या बाकावर. तिला ऐकू जावं म्हणून बाई मोठ्याने सांगत होत्या. शाळेसमोरच्या शिंप्याची मुलगी काट्यावर चढली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "लिही गं, बासष्ट! काटासुद्धा दचकला बघ!" वर्ग खो खो हसला होता. विनोद साधला म्हणून बाईही खूश झाल्या होत्या. मुलगी काट्यावरून उतरून जागेवर गेली होती, त्या वेळी तिचा चेहरा कसा होता ते मात्र काही केल्या आठवेना. बाईंनी तो पाहिलाच नव्हता.

तो शिंपी मध्यंतरी म्हणालाही होता, "बाई, पोरगी हल्ली गणवेश सैल शिवा म्हणते. दोन बोटं सैल, मग चार बोटं. तंबू शिवू का तिला?"

"वाढीचं वय आहे हो," बाईंनी हसून उत्तर दिलं होतं.

एवढं कळल्यावर माणसाने शहाणं व्हावं. पण त्या दिवशी बाईंनी भलतंच केलं. त्यांनी कोरे अर्ज घरी नेले आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून भरले. कधी उजवा हात, कधी डावा, कधी अक्षर तिरकं.

"सहा पेनं कशाला लागतात गं?" नवऱ्याने पेपरमधून डोकं वर काढून विचारलं.

"शाळेचं काम आहे, अहो. तुम्ही वाचा तुमचं."

छत्तीस मुली नियमित व्यायाम करू लागल्या. जुने कागद बाईंनी फाडले. तो एक मात्र फाडवेना. तो घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात गेला. त्याच्या बदल्यात बाईंनी लिहिलं, 'मी रोज सकाळी पळते. पळून आल्यावर मन हलकं होतं.'

दहा-बारा दिवसांनी आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. नववीच्या वर्गात त्यांनी कौतुकाने एक कागद वर धरला. "नाव विचारायचं नसतं, पण हे वाचून मला फार आनंद झाला." त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं. "कोण गं ती? हात वर करशील?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मोठ्या बाई हसू सांभाळत उभ्या होत्या. शिट्टीबाईंनी हात पाठीमागे घेतले, कारण ते थरथरत होते.

तिसऱ्या बाकावरून एक हात वर गेला. शिंप्याच्या मुलीचा.

"मी लिहिलंय."

"अरे वा! कुठे पळतेस?"

"मैदानावर. बाई घेतात आमची तयारी."

मागून कुणीतरी दबक्या आवाजात "बासष्ट" म्हणालं आणि फिसकन हसलं. मुलीचा हात खाली आला नाही. ती डॉक्टरीणबाईंकडे बघत नव्हती, शिट्टीबाईंकडे बघत होती. टाळ्या वाजल्या. आणि बाईंनीही वाजवल्या.

त्या टाळ्यांचा आवाज कानात घेऊनच त्या जिना उतरल्या. डॉक्टरीणबाई गाडीत बसायच्या बेतात होत्या.

"डॉक्टर, थांबा. ते कागद मुलींचे नाहीत. मी लिहिलेत. मुलींचा खरा कागद हा."

डॉक्टरीणबाईंनी घडी उलगडून वाचलं. पुन्हा वाचलं. "वर्गात का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

"आणि आता कसा झाला?"

"पोर माझ्यासाठी खोटं बोलली हो."

पाटी आली नाही. मोठ्या बाईंनी लेखी खुलासा मागितला आणि बोलणं टाकलं. शिक्षकांच्या खोलीत बाई गेल्या की चहाचे कप तेवढे वाजायचे. त्याचं बाईंना फारसं काही वाटलं नाही. वर्गासमोर उभं राहून चूक कबूल करावी असं मात्र फार वाटत होतं. एकदा त्या उभ्या राहिल्याही. पण तोंड उघडताच तिसऱ्या बाकावरची मान खाली गेली, आणि बाईंना उमगलं की आपण त्या पोरीला पुन्हा काट्यावर चढवायला निघालो आहोत. त्या एवढंच म्हणाल्या, "यापुढे वजन दाराआड होईल. आकडा जिचा तिलाच कळेल."

मग एके दिवशी ती जिन्यात एकटी भेटली.

"का बोललीस गं खोटं?"

मुलीने दप्तराचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "तुमचे हात थरथरत होते, बाई. अजून थोडा वेळ गेला असता, तर सगळ्या तुमच्याकडे बघायला लागल्या असत्या."

"मग बघू द्यायचं होतंस."

"ते कसं वाटतं मला माहितीये."

बाईंनी कठडा धरला. "चुकलं गं माझं. फार चुकलं."

"हं," मुलगी म्हणाली.

"पुन्हा येशील पळायला?"

"नाही, बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. पुढचा तास कोणता ते विचारलं असतं तर सांगितलं असतं, तितक्या सहज ती हे बोलली आणि वर निघून गेली.

त्यानंतरच्या सोमवारपासून बाई शाळा भरायच्या अर्धा तास आधी मैदानावर येऊ लागल्या. सूचनाफलकावर लिहिलं होतं, 'ज्यांना चालायचंय त्यांनी यावं. हजेरी नाही, शिट्टी नाही.' पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाई एकट्याच चालल्या. वरच्या सज्जात मुली कठड्याला रेलून बघत होत्या. गुडघा आखडलेला, चाल फेंगडी, पोट आपलं ऐकत नाही, हे बाईंना पावलापावलाला कळत होतं. आपल्या पाठीला इतकं वजन असतं हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. सज्जात कुणी हसलं की वाटायचं, आपल्यालाच. तिसऱ्या दिवशी त्यांनी फाटकातूनच परत फिरायचं ठरवलं होतं, पण पाय आत वळले.

आठवड्याअखेरीस पाचवीतल्या दोघी आल्या. हातात हात घालून, गप्पा मारत, बाईंच्या मागे मागे.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी बाई एकट्याच होत्या. दुसरी फेरी चालू होती, तेवढ्यात फाटकाकडून शिंप्याची मुलगी आली. मैदान ओलांडून वर्गाकडे निघालेली, दप्तर छातीशी धरलेलं.

"बाई, बुटाची नाडी सुटलीये. पडाल."

बाई थांबल्या. सज्जा मुलींनी भरला होता. खाली वाकायचं म्हणजे आधी गुडघा धरायचा, मग एक हात जमिनीला टेकायचा, मग कण्हत खाली बसायचं. एवढ्या सगळ्यांदेखत. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

मुलगी पुढे झाली नाही की नाडीला तिने हात लावला नाही. ती फक्त दोन पावलं बाजूला सरकली, बाई आणि सज्जा यांच्या मधोमध, आणि बाईंकडे पाठ करून उभी राहिली. तिचा सैल गणवेश वाऱ्याने फुगला होता.

बाई खाली बसल्या. बोटं लवकर वळेनात, पहिली गाठ सुटली, दुसरी मारली. मुलगी तोवर हलली नाही.

"झालं गं," बाई म्हणाल्या.

मागे वळून न बघता मुलगी वर्गाकडे चालू लागली.