चक्कीवरचा आळ

मी पावरचा डबा बोलतोय. बोलतोय म्हणजे घरघरतोय. मला दुसरं काही येत नाही. आणि ज्या गोष्टीची मला अजूनही लाज वाटते, ती त्या घरघरीपायीच घडली.

माझा जन्म खामगावचा. मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले. कापसाच्या एका प्रेसमध्ये लक्ष्मीकांत नावाचा कारकून होता. दिवसभर गाठींची नोंद करायची आणि घरी येऊन तारा जोडत बसायचं, हा त्याचा नाद. रॉकेलचा रिकामा डबा कापून, उलटा करून त्यानं माझं अंग बनवलं. त्यावर लष्कराच्या लिलावातला ट्रान्सफॉर्मर बसवला, एक काचेचा व्हॉल्व्ह लावला आणि पोटात वीज गाळायचे दोन जुने कंडेन्सर जोडले. ते कंडेन्सर आतून सुकून गेले होते. त्याला ते ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच.

माझं काम ऐकायला सोपं. घरातली वीज सारखी पुढे-मागे हेलकावे खाते. ती सरळ करायची, गाळायची आणि शांत करून यंत्राला द्यायची. पण माझं गाळणंच फाटकं. थोडा हेलकावा तसाच पुढे निसटायचा आणि कर्ण्यातून 'घुंऽऽऽ' असा आवाज निघायचा.

यंत्र होतं आवाज कोरायचं. ग्रामोफोनची मोटर, भांड्यांच्या दुकानातून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गोल तबकडी आणि तिच्यावर टेकलेली सुई. समोरच्या मायक्रोफोनमध्ये कोणी गायलं की सुई थरथरायची, तबकडीवर रेघ उमटायची. हा सगळा खटाटोप लक्ष्मीकांतानं बायकोसाठी मांडला होता. स्नेहलता जानेफळची. माहेरी गाणं शिकलेली, पण लग्नानंतर ते चुलीपुढे गुणगुणण्याइतकंच उरलं होतं. नागपूरला नुकतंच रेडिओ केंद्र निघालं होतं. तिथे तबकडी पाठवायची, त्यांनी ऐकायची आणि स्नेहलतेला बोलवायचं, असा नवऱ्याचा बेत.

पहिली तबकडी कोरून झाली. दोघं कान देऊन बसली. स्नेहलतेचा आवाज आला, गोड आला, पण त्याच्या बुडाशी माझी घरघर होती. विहिरीच्या तळाशी शेवाळ असावं तशी.

"हे काय हो?" तिनं विचारलं.

लक्ष्मीकांतानं भिंतीकडे बोट दाखवलं. "चक्की. दुसरं काय!"

भिंतीपलीकडे वच्छलाबाईंची पिठाची चक्की होती. नवरा वारल्यावर त्या एकट्या ती चालवायच्या. चक्की सुरू झाली की आमच्या फळीवरची ताटं खुळखुळायची, ही गोष्ट खरी. दोन्ही घरांना एकाच खांबावरून तार आलेली, हेही खरं. पण घरघर माझी होती. अमावास्येला चक्की बंद असायची, तेव्हाही ती आली. त्या दिवशी लक्ष्मीकांत म्हणाला, "प्रेसच्या मशिनी असतील." आपण हातानं केलेल्या वस्तूत खोट असेल, हे त्याच्या मनात येत नव्हतं. खरं तर येत असावं. तो ते येऊ देत नव्हता.

इमारत रंगरावांची. लक्ष्मीकांतही त्यांचा भाडेकरू, वच्छलाबाईही. एका संध्याकाळी रंगराव चक्कीसमोरच्या ओट्यावर बसलेले पाहून लक्ष्मीकांत तिथे गेला. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"मालक, या चक्कीनं लाइन खराब होते. संध्याकाळी तरी बंद ठेवायला सांगा."

वच्छलाबाई बाहेर आल्या. भुवयांवर पीठ. "भाऊ, माह्यी चक्की तुमच्या गाण्यात कशी शिरली? मधात भित हाये ना!"

"वीज भिंतीतूनच येते, वहिनी. तुम्हाला नाही कळायचं."

दळणाची टोपली घेऊन बाया उभ्या होत्या. त्यांच्यादेखत तो हे बोलला. रंगरावांनी पानाची पिंक टाकली आणि निकाल दिला, "शिकेल माणूस सांगून राह्यला, वच्छलाबाई. दिवस मावळायच्या आत बंद करत जा."

वावरातून बाया परततात तीच दळणाची वेळ. आता त्या टोपल्या घेऊन बाजारापलीकडच्या चक्कीवर जाऊ लागल्या. वच्छलाबाई बंद दारापाशी बसून राहायच्या. आधी स्नेहलता रोज त्यांच्याजवळ घटकाभर टेकायची. आता पाण्याला जाताना मान खाली घालून पुढे जायची.

चक्की बंद झाल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी लक्ष्मीकांतानं नवी तबकडी लावली. स्नेहलता गायली. मग दोघांनी ऐकलं. गाण्याखाली मी होतो. तसाच, कणभरही कमी न होता.

"चक्की तर बंद आहे," स्नेहलता म्हणाली.

त्यानं मायक्रोफोनची तार काढून टाकली. तरी घुंऽऽऽ. त्यानं मला उलटा केला, माझ्या पोटातले सुकलेले कंडेन्सर बराच वेळ निरखले आणि खटका बंद केला. त्याचे कान लाल झाले होते. मला तोंड असतं तर मी ते पत्र्याआड लपवलं असतं.

त्याच क्षणी त्यानं पलीकडे जायला हवं होतं. तो गेला नाही. ऑफिसला मागच्या बोळातून जाऊ लागला. आठवड्यानं अकोल्याहून नवे कंडेन्सर घेऊन आला आणि बायकोला म्हणाला, "हे बसवतो, म्हणजे आवाज जाईल. मग मालकांना सांगून चक्की सुरू करवतो."

"मालकांना काय सांगाल?"

"लाइन सुधारली म्हणून सांगू."

"म्हणजे चूक वच्छलाबाईंचीच राहिली."

तो कंडेन्सरची पुडी सोडू लागला.

"तुम्ही चारचौघांत त्यांना बोललात," स्नेहलता म्हणाली. "माझ्या गाण्यासाठी बोललात. त्यांची चक्की माझ्या गाण्यामुळे बंद आहे, हे मला झोपू देत नाही. तुम्ही खरं सांगेपर्यंत मी या यंत्रासमोर बसणार नाही."

 तो उठला, कर्णा काखेत मारला, मला दोन्ही हातांत उचललं आणि पुढच्या दारानं बाहेर पडला. नवे कंडेन्सर घरीच ठेवले. मला दुरुस्त करून नेलं असतं तर मी गप्प राहिलो असतो. त्याला मी घरघरायला हवा होतो.

त्यानं रंगरावांना बोलावून आणलं. वाटेनं जाणाऱ्या बाया थांबल्या. चक्कीतल्या वजनाच्या टेबलावर मला ठेवलं, कर्णा जोडला आणि खटका दाबला. पट्टा उतरवलेला, जातं थंड. आणि मी त्या शांत खोलीत सगळ्यांदेखत घुंऽऽऽ करू लागलो.

"हा आवाज चक्कीचा नव्हता," लक्ष्मीकांत म्हणाला. "माझ्या डब्याचा होता."

एक बाई फिस्सकन हसली. "अव माय, हा तं माह्या सासऱ्यावानी घोरते!"

सगळ्या हसल्या, रंगरावसुद्धा. वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात वर केला तशा बाया गप्प झाल्या.

"भाऊ, तुमाले हे कवा समजलं?"

"आठ दिवस झाले."

"मंग आठ दिवस काऊन गप बसले?"

"लाज वाटली, वहिनी."

"मले नाही कळायचं मनले होते तुमी. त्याची नाही वाटली?"

लक्ष्मीकांतानं मान खाली घातली.  वच्छलाबाईंनी माफ केलं असं म्हटलं नाही, केलं नाही असंही म्हटलं नाही. त्यांनी पट्टा चढवला, मोटर सुरू केली आणि बायांना ओरडून सांगितलं, "जा व, दळण घेऊन या. उभ्या काय राह्यल्या!" रंगराव गुपचूप निघून गेले.

मग माझ्या पोटात नवे कंडेन्सर बसले, त्यांच्या जोडीला वीज गाळायला लोखंडी गाभ्याची तारेची एक गुंडाळी आली. घरघर पुष्कळ कमी झाली. स्नेहलता गायली, तबकडी नागपूरला गेली आणि बऱ्याच महिन्यांनी तिला खरंच बोलावणं आलं. तिचा भाऊ उद्धव तिला घेऊन गेला. निघताना ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा. वच्छलाबाईंना ऐकवा."

तोवर तबकडीचं यंत्र मोडीत निघालं होतं आणि मी लक्ष्मीकांतानं घरीच जोडलेल्या रेडिओच्या सेवेला लागलो होतो. वच्छलाबाई पहिल्यांदाच आमच्या घरात आल्या. चक्की बंद करून, तोंड धुऊन. पाठोपाठ गल्लीतल्या बाया आल्या. स्नेहलतेचा आवाज नागपूरहून आला, मोकळा, भरलेला. मी जिवाच्या आकांतानं गाळत होतो. पण मधल्या उन्हाळ्यानं माझे कंडेन्सर पुन्हा सुकवले होते, आणि गाण्याखाली ती जुनी घुंऽऽऽ उमटलीच. हे पत्र्याचं अंग वितळून गेलं असतं तर बरं, असं झालं मला.

गाणं संपलं. वच्छलाबाईंनी डोळे पुसले. मग कर्ण्याकडे कान नेऊन विचारलं, "भाऊ, गाण्यासंग घरघर कायची येऊन राह्यलती? नागपूरची हाये का?"

साऱ्या बाया लक्ष्मीकांताकडे पाहू लागल्या. नागपूर लांब होतं. त्यानं हो म्हटलं असतं तर कोणी तपासायला जाणार नव्हतं.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "नागपूरहून स्वच्छच आलं. घरघर आमच्या घरची."

आता मी म्हातारा झालो. व्हॉल्व्ह मंद जळतो, पत्र्याला गंज चढलाय. एक दिवस तुम्ही मला भंगारात द्याल. द्या, माझी तक्रार नाही. तोवर मात्र कधी कानावर वाईट आवाज आला, तर शेजारच्या भिंतीकडे बोट करण्याआधी मला एकदा उलटा करून पाहा.