डोळा पिकायची वाट

"ए खुंटी, गप बस! बैल बुजतात माझे!"

पेरणीच्या दिवशी शेताच्या या टोकाकडून दोरीतात्या असा ओरडायचा आणि पलीकडच्या बांधावर उभा असलेला खुंटी आणखी वरच्या पट्टीत गाऊ लागायचा. गाणं कसलं, चिखलात रुतलेल्या म्हशीचं हंबरणंच ते. आम्ही हसून लोटपोट व्हायचो.

दोघं सख्खे चुलतभाऊ. तात्याला दोरी म्हणायचे, कारण त्यानं औतानं काढलेलं तास, म्हणजे पेरणीची रेघ, दोरी लावल्यासारखं सरळ जायचं. पहिलं तास सरळ गेलं की पुढची सगळी त्याच्या अंगाला अंग लावून सरळ जातात. म्हणून पेरणी कुणाचीही असो, पहिलं तास तात्याचं. आणि खुंटी तीस वर्षं समोरच्या बांधावर काठीला पांढरं फडकं बांधून रोवल्यासारखा उभा. त्या फडक्यावर नजर रोखायची आणि औत हाकायचं, एवढीच ती विद्या. उभा राहण्याला काय अक्कल लागते, असं तात्या चारचौघांत म्हणायचा. खुंटी नुसता हसायचा.

तीन वर्षांपूर्वी तात्याच्या डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं. गावच्या शाळेत डोळे तपासायला लोक आले होते. त्यांनी सांगितलं, "मोतीबिंदू आहे. अजून पिकला नाही. सहा महिन्यांनी दाखवा." पिकणं म्हणजे काय ते तात्याला कुणी शिकवायला नको होतं. तो निवांत घरी आला. मला म्हणाला, "कच्चं पीक कापून कुणाचं भलं झालंय? पिकू दे सावकाश. आणि तू कुठं बोलू नकोस. गावाला कळलं तर पहिलं तास गेलं माझं."

मी भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी. नाही बोललो. पुढच्या दोन्ही वर्षी तास सरळच गेलं. तात्या छाती काढून म्हणायचा, "डोळे मिटून काढीन!" खुंटी गायला लागला तोही तेव्हापासूनच, पण म्हातारपणी माणसाला काय काय सुचतं, त्याकडे कोण लक्ष देतो?

मग खुंटीलाही मोतीबिंदू झाला. पठ्ठ्या गेला, शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घरी आला. नेमकी पेरणी तोंडावर, आणि त्याला उन्हाधुळीत जायची बंदी. काठी धरायला मी उभा राहिलो. मला गाणं येत नाही. मुकाट उभा राहिलो. तात्यानं औत हाकलं आणि तास असं गेलं की काय सांगू! नागमोडी, निव्वळ बैलमुतणी. लोकांनी तोंडावर पदर आणि उपरणी धरली. तात्यानं उजव्या बैलाला दोन फटके दिले. "हा ओढतो एकीकडे!" बैल बिचारा काय बोलणार.

हिवाळी पेरणीला लोक खुंटीच्या दारात गेले. चष्मा लावून त्यानं औत धरलं आणि तास काढलं, अगदी सरळ. आपल्या तात्यानं त्या दिवशी ताट बाजूला सारलं.

"आधी मला लागला की नाही?" तो बायकोवर, आमच्या काकूवर, खेकसला. "त्याला माझ्यानंतर दोन वर्षांनी. मग त्याचा आधी पिकला कसा?"

"त्याला ऊन जास्त लागत असेल," काकू म्हणाली. "तुम्ही तुमचा अढीत घालून ठेवा."

तात्या जळत होता, उगाच का खोटं सांगू? खुंटी विहिरीवर तोंड धूत होता तेव्हा त्याचा चष्मा कठड्यावर होता. तात्यानं इकडे तिकडे बघून तो उचलला आणि नाकावर चढवला. समोरची शेळी फुगून म्हशीएवढी झाली आणि पायाखालची जमीन हलायला लागली. धावत घरी येऊन म्हणाला, "लबाड आहे तो! त्या काचांतून काही दिसत नाही!"

"दुसऱ्याची चप्पल पायात बसत नाही, चष्मा डोळ्यावर कसा बसेल?" काकू म्हणाली. "चला उठा. डॉक्टरणीकडे."

मीही बरोबर गेलो. डॉक्टरणीनं डोळ्यात उजेड मारून पाहिलं आणि विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?"

"पिकायची वाट बघत होतो. तुमच्याच लोकांनी सांगितलं होतं."

"आजोबा, तो काय पेरू आहे का? कामाला अडायला लागलं की काढायचा. जास्त पिकवला तर तो कडक होतो, मग तुम्हालाही त्रास आणि मलाही."

तात्याचा चेहरा पडला. "मध घालून जात नाही?"

"मध जिभेवर घाला. डोळ्यात काही घालायचं नाही."

"आणि चष्मा लावला की डोळे आळशी होतात ना?"

"नाही होत. जवळचं बघायला लागेलच तुम्हाला चष्मा. पण तुमच्या नंबरचा, भावाच्या नाही."

काकूनं आधीच चुगली केली होती, दुसरं काय!

एक डोळा झाला, मग दुसरा. तात्यानं थेंब वेळेवर घातले, ओझं उचललं नाही. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा काय पाहिलं असेल? खुंटीचं तास. उभ्या पिकात शिरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. कुठंतरी वाकडं सापडावं म्हणून बिचारा दोनदा चालला. सापडलं नाही.

पुन्हा पेरणी आली तेव्हा तात्या सगळ्यांच्या देखत म्हणाला, "औत माझ्याकडे दे." खुंटीनं कासरा तात्याच्या हातात दिला, काठी घेतली आणि चालत पलीकडच्या बांधावर जाऊन उभा राहिला.

तास सरळ गेलं. दोरीच! लोक वाहवा करायला लागले. तात्या घाम पुसत बांधावर पोचला. मी तिथंच होतो.

"आज गळा बसला का रे तुझा?" त्यानं खुंटीला टोमणा मारला. "गाणं नाही म्हटलंस."

"आता कशाला?" खुंटी म्हणाला. "आता तुला दिसतंय की."

तात्या कासरा टाकून त्याच्यापुढं आला.

"म्हणजे... तुला ठाऊक होतं?"

"तीस वर्षं तुझ्या समोर उभा आहे. तू फडक्याकडे बघत नाहीस हे मला कळणार नाही?"

"मग कुणाला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तास गेलं असतं तुझं." एवढं म्हणून खुंटी काठी खांद्यावर टाकून पुढच्या शेताकडे निघाला.

तात्या माझ्याकडे वळून दात खात म्हणाला, "बघितलंस? डोळा माझ्याआधी पिकला, तास सरळ काढलं, ते सगळं सोसलं मी. पण मेला इथंही पुढं गेला माझ्या!"

डोळे पुसून त्यानं बैल वळवले. पुढच्या शेताच्या या टोकाला औत लावलं, समोर काठी उभी राहिली, तरी तो हाकेना. सगळे वाट बघत राहिले. शेवटी जोरात ओरडला, "ए खुंटी, गा की रे! बैल अडलेत माझे!"