ती नाही, मी

वेंडुलाने पर्स मांडीवर उघडली आणि आत जे जे हाताला लागलं ते समोरच्या कागदावर लिहायला घेतलं. ओल्या रुमालांचं पाकीट. अर्धा पाव. थर्मास. लहान मुलीचा एक लाल हातमोजा.

"हे काय लिहितेयस?" शेजारच्या यार्मिलाने डोकावून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. दोघी एकाच औषधाच्या दुकानात कामाला होत्या. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी कल्पनेतल्या सफरीचा हा खेळ चाले, आणि आज यार्मिलानेच तिला ओढून आणलं होतं. "अगं बाई, तलवार लिही, दोर लिही. दलदलीतून जायचंय आपल्याला, बागेत नाही."

"तूच म्हणालीस ना, जवळ असेल ते लिही म्हणून?"

"राहू दे," टेबलाच्या टोकाकडून ओटाकार म्हणाले. साठी उलटलेले, बारीक अंगाचे, पूर्वी याच वाचनालयात पुस्तकं बांधायचे. खेळ चालवणाऱ्याला इथे 'गुहेचा धनी' म्हणत आणि या टेबलाचे धनी तीस वर्षं तेच होते. "लिहिलं ते लिहिलं. नाव काय घेताय?"

"ल्युबा. झाडपाल्याची औषधं देणारी."

"म्हणजे सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुकानच," समोरचा हिनेक म्हणाला. तो मासळीच्या कारखान्यात होता. हात तीनदा धुऊन आला तरी बोटांना कार्प माशांचा वास राहायचाच. कोलाचे नावाच्या गोड पावावरची खसखस तो नखाने टिपून खात होता.

"नियम फार नाहीत," ओटाकार वेंडुलाला म्हणाले. "तुमच्यासमोर काय आहे ते मी सांगतो. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमेल की नाही याची शंका असली, तर फासा ठरवतो. आणि तोंडातून गेलेलं परत घ्यायचं नाही. म्हणून मी एकदा विचारतो, नक्की? तुम्ही 'नक्की' म्हणालात, की ते झालं."

तिने मान डोलावली आणि उताणा ठेवलेला फोन पाहिला. दोन वाजून वीस मिनिटं. सासूबाईंकडे लेकीला, योहान्काला, एकटीला इतका वेळ ती पहिल्यांदाच ठेवत होती. सासूबाईंचं घर तलावाच्या बांधावर होतं. मासे काढायला तलाव रिकामा करत आणला होता. मध्ये गाळ, कडेला पाण्याची डबकी. निघताना तिने फाटकाची कडी दोनदा लावून पाहिली होती, आणि सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून ते बघत होत्या.

"पुढे जुनं जकातघर आहे," ओटाकार सांगू लागले. आवाज मोठा नव्हता, पण खोलीतली बाकीची खुडबुड थांबली. "दार ओलं. आत कुणीतरी भांडी लावतंय."

सगळे वेंडुलाकडे पाहू लागले.

"ती... ल्युबा दार ढकलते."

"ती नाही, मी." ओटाकार हसले. "इथे 'मी' म्हणायचं. लांब उभं राहून बघत बसलात, तर काहीच होत नाही."

"मी दार ढकलते."

"आता कसं!" हिनेक म्हणाला.

दार उघडलं. आत हिरव्या कोटातला एक म्हातारा पाठमोरा उभा होता आणि कोटाच्या डाव्या टोकातून पाणी ठिबकत होतं. वेंडुला हसली. वोदनिक. बुडालेल्यांचे जीव पाण्याखाली झाकणाच्या पेल्यांत घालून ठेवणारा. लहानपणी तलावाच्या काठाशी गेलं, की प्रत्येक आई त्याचंच नाव काढायची, आता आई झाल्यावर तीही काढायची.

"पलीकडे जायचं तर काहीतरी द्यावं लागेल, म्हणतोय," ओटाकार म्हणाले. "पैसे नकोत. असं काहीतरी, की ज्याची जोड दुसरीकडे आहे."

"माझा एक बूट घे म्हणावं," हिनेक म्हणाला.

"वास घेऊनच मरेल तो," यार्मिला म्हणाली. "अगं वेंडुला, तुझा हातमोजा! दुसरा घरीच असेल ना?"

हातमोजा. खरंच की. यादीतलं आपलं काहीतरी उपयोगी पडलं, याचा वेंडुलाला शाळकरी मुलीसारखा आनंद झाला.

"मी हातमोजा देते."

"नक्की?"

"नक्की."

ओटाकारांनी दहा बाजूंचा फासा टाकला, पाहिला आणि मुठीत घेतला. "घेतो तो. आत दोन बोटं घालून बघतो. म्हणतो, ऊब आहे अजून. मग फळीवरून एक नवा पेला काढतो. पुसतो. त्यावर झाकण ठेवतो."

"चला, वाट मोकळी झाली," हिनेक म्हणाला आणि फाशाकडे हात नेला.

"थांबा," वेंडुला म्हणाली. "पेला कशाला?"

"कशाला म्हणजे?"

"मी हातमोजा दिला. पेला कशाला काढला त्याने?"

तिने फोन उचलला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावल्यावर सासूबाईंचा दबका आवाज आला.

"अगं झोपलीय ती. केव्हाची."

"दुपारी? ती दुपारी झोपत नाही."

"आता झोपली त्याला मी काय करू? खेळता खेळता आडवी झाली. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही, दगडासारखी पडलीय. हात जरा गार लागले म्हणून पांघरूण घातलं. तू तुझं चालू दे. दर अर्ध्या तासाला फोन करणार असशील, तर उद्यापासून इथेच येऊन बस."

फोन ठेवून तिने हात टेबलाखाली घेतले. उठून जावं असं तिला वाटलं. बांधापर्यंत पंचवीस मिनिटं. जाऊन काय करायचं होतं? गाढ झोपलेल्या मुलीला गदागदा हलवायचं? आणि विचारलं, तर काय सांगायचं सासूबाईंना?

"मला तो परत हवाय," ती म्हणाली.

"परत घेता येत नाही गं," यार्मिलाने तिच्या दंडावर हात ठेवला. "नियमच आहे तो. पुढच्या वेळी दुसरा लिही. खेळ आहे हा."

"परत द्या म्हणत नाही मी. जाऊन आणता येईल ना?" ती यार्मिलाकडे नाही, ओटाकारांकडे पाहत होती. "तो कुठे गेला?"

"जमिनीतल्या झडपेतून खाली. पाण्यात."

"मी त्याच्या मागे जाते."

"नक्की?"

"नक्की."

फाशावर नऊ आले. हिनेकने हलकी शीळ घातली, आणि मग कुणी सांगितलं नसताना तो नीट बसला. ओटाकारांनी वहीचं पान उलटलं, आणखी एक उलटलं. पुढची पानं कोरी होती.

"इथलं मी लिहिलेलं नाही काही," ते म्हणाले. मग वही मिटून त्यांनी त्यावर हात ठेवला. "स्वयंपाकघर आहे. स्वच्छ. फळ्यांवर पेले, छतापर्यंत. सगळ्यांवर झाकणं."

"माझा कुठला?"

"तो सांगत नाही. तुमच्याकडे पाठ करून भाजी चिरतोय."

"मी कान लावते. एकेकाला."

फासा. सहा. बाहेर दिवस कलला होता. कुणीतरी उठून दिवा लावायला हवा होता, पण कुणी उठलं नाही.

"बहुतेकांत काहीच नाही. एकात कुणीतरी पुटपुटतंय. एकात म्हातारं माणूस खोकतंय." ओटाकारांनी ओठांवरून जीभ फिरवली. "खालच्या फळीवर, भिंतीकडून तिसरा. त्यात कुणीतरी अंक मोजतंय. एक, दोन, तीन, पाच."

"चार गाळते ती," वेंडुला म्हणाली.

यार्मिलाने दंडावरचा हात काढून घेतला.

"मी झाकण उचलते."

"तो वळतो. म्हणतो, उचला की. नाही कोण म्हणतंय? पण माझ्या फळीवर रिकामा पेला राहत नाही. एक काढायचं, तर एक ठेवायचं."

"ए, माझं नाव नको हं," हिनेक म्हणाला. कुणीच हसलं नाही आणि तोही हसला नाही.

वेंडुलाने यादीवरून बोट फिरवलं. थर्मास. पाव. ओले रुमाल. बोट कागदाच्या खालच्या कडेशी येऊन थांबलं.

"मी," ती म्हणाली.

"ल्युबा म्हण," यार्मिला घाईने म्हणाली. "वेंडुला, ऐक माझं. ल्युबा राहते म्हण. ओटाकार, सांगा ना तिला, इथे चालतं तसं म्हटलेलं."

ओटाकार वेंडुलाकडे बघत होते आणि त्यांच्या मुठीतला फासा तसाच होता.

"ल्युबाने काही दिलं नव्हतं त्याला," वेंडुला म्हणाली. "मी दिलं. मीच राहते."

"नक्की?" या वेळी ते इतक्या हळू म्हणाले, की प्रश्न त्यांना विचारायचा नव्हता असं वाटलं.

"नक्की. फासा टाका."

"फासा नाही लागत." त्यांनी मूठ उघडून तो टेबलाच्या मधोमध ठेवला. "स्वतःहून दिलं, तर नाही लागत."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. झाकण निघालं, एक बुडबुडा वर गेला, झाकण पुन्हा बसलं. तीनच वाक्यं, आणि कोट घेण्यासाठी ते खुंटीकडे वळले.

फोन वाजला तो वेंडुलाने पहिल्याच घंटीला घेतला.

"उठली बरं का," सासूबाई म्हणाल्या. "एकदम ताठ बसली आणि भूक लागली म्हणाली. झालं समाधान?"

बांधावरून ती जवळजवळ पळतच गेली. गार वारा घशात बोचत होता, पण मधेच तिला हसूही येत होतं: चार म्हातारी पोरं टेबलाभोवती बसून एकमेकांना भूत दाखवतात आणि आपण घाबरतो! नवऱ्याला ऑस्ट्रियात फोन करून हे सांगायचं तिने ठरवलं. तो पोट धरून हसला असता. फाटकाची कडी लावलेली होती.

स्वयंपाकघरात दिवा होता. योहान्का खुर्चीवर पाय हलवत दूधभात खात होती, गाल लाल, केस एका बाजूने चपटे झालेले. चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या सासूबाई काहीतरी ढवळत होत्या.

"आलीस? बघ, आहे की नाही धडधाकट? एवढा जीव काढतेस."

वेंडुला खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. मुलीचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले. गरम होते, साखरेने चिकट. तिने ते ओठांशी नेले.

योहान्काने जरा वेळ तसं करू दिलं. मग शहाण्या मुलीसारखे, कुणाला वाईट वाटू नये अशा बेताने, हात सोडवून घेतले, खुर्चीवरून उतरली आणि ती खुर्ची ओढून वेंडुलापुढे केली.

"तुम्ही बसा ना," ती म्हणाली. "माझी आई येईलच आता."